माळ्याच्या तोंडाला काय लावाल? साखळी, सुटा कठडा, सरकते फाटक की दुहेरी

गोदाम आडवे वाढवायचे तर जमीन लागते, उभे वाढवायचे तर नुसते लोखंड. म्हणून लातूर, जालना, नांदेड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, पत्र्याच्या शेडच्या पोटात आय-बीम उभे करून, वर चेकर्ड प्लेट टाकून केलेला माळा दिसतोच. खाली सोयाबीन-तुरीच्या थप्प्या, वर बारदाना, पॅकिंगचा माल, बियाण्याच्या पिशव्या. माळ्याला चारही बाजूंनी कठडा असतो, पण एका जागी तो तोडलेला असतो. फोर्कलिफ्ट तिथूनच पॅलेट, म्हणजे माल रचायची फळी, वर ठेवते. या जागेला आम्ही माळ्याचे तोंड म्हणतो.

या तोंडाला काय लावायचे, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन-चार गोदाम मालकांनी विचारला. सगळ्यांच्या हातात फॅब्रिकेटरचे कोटेशन होते आणि सगळे एकच विचारत होते: "कोणतं मजबूत?" माझ्या मते पहिला प्रश्न हा नाही. बंद असताना बहुतेक फाटके मजबूतच असतात. फाटक उघडते, पॅलेट आत येते, हमाल पुढे सरकतो, त्या मिनिटभरात माणूस आणि कडा यांच्यामध्ये काय उभे आहे, ते आधी बघा. खाली प्रत्येक पर्याय मी याच एका कसोटीवर तपासला आहे.

हे मी कुठून शिकलो तेही सांगतो. मी पूर्वी जिथे स्टोअर सांभाळायचो, त्या गोदामात माळ्याच्या तोंडाला साखळी होती. एक टोक डाव्या खांबाला वेल्ड केलेले, दुसऱ्या टोकाला हूक, उजव्या खांबाला कडी. एका दुपारी आमचे एक हमालमामा डाव्या हाताने खांब धरून बाहेर वाकले आणि खालच्या ड्रायव्हरला हाताने खुणा करू लागले, "अजून वर घे, थोडं वर, बास." हातातला खांब सुटला. माळा तीन मीटर उंच होता. मामा वाचले, पण खुब्याचे हाड मोडले आणि त्यांनी पुन्हा पाठीवर पोते घेतले नाही. संध्याकाळी मी वर जाऊन बघितले. साखळी डाव्या खांबाला सरळ लोंबत होती. उजव्या खांबाची कडी आतून-बाहेरून गंजलेली होती. दिवसाला दहा वेळा जरी हूक त्या कडीत अडकला असता, तरी कडीची आतली बाजू घासून चकचकीत झाली असती. ती साखळी कित्येक महिने कुणी लावलीच नव्हती, आणि मी रोज तिच्या शेजारून जात होतो. कुठल्याही गोदामात गेलो की मी आजही आधी ती कडी बघतो.

तीन मीटर म्हणजे काही फार नाही, असे वाटणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. तीन मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात खाली येतो आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. तेवढ्या वेळात हातसुद्धा पुढे येत नाहीत.

नियम काय मागतात

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३२ होते: उंचावरून पडण्याची शक्यता असेल तिथे कठडा किंवा दुसरी सोय करा. कलम ३३ सांगायचे की जमिनीतली किंवा मजल्यातली धोक्याची उघडी जागा पक्की झाका किंवा पक्की कुंपणात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. कामाची जागा इजेच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्यात सरळ लिहिले आहे. "आमचा कारखाना नाही, नुसतं गोदाम आहे" म्हणून सुटता येईल, अशा भरवशावर कुणी राहू नये. भारतीय मानक आयएस ४९१२ (१९७८) तर मजल्यातली तोंडे, कठडे आणि टो-बोर्ड (कठड्याच्या तळाशी कडेला लावायची पट्टी) यांच्या सुरक्षेवरच आहे. फॅब्रिकेटरला ते वाचायला लावा.

आकड्यांसाठी मी अमेरिकेचा ओशा नियम (ओशा म्हणजे तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) हाताशी ठेवतो, कारण तो मोजून सांगतो. १.२ मीटर किंवा त्याहून जास्त पडण्याचा धोका असेल तिथे संरक्षण हवे. कठड्याची वरची पट्टी १०७ सेंटिमीटरवर, फार तर ८ सेंटिमीटर इकडे-तिकडे. मध्ये एक आडवी पट्टी. वरच्या पट्टीने ८९० न्यूटन, म्हणजे सुमारे ९० किलोचा जोर खालच्या किंवा बाहेरच्या दिशेने सोसला पाहिजे, आणि तेवढ्या जोराने ती दबली तरी ९९ सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. मधल्या पट्टीला ६६७ न्यूटन. खाली माल घरंगळू नये म्हणून किमान ९ सेंटिमीटरचा टो-बोर्ड. युरोपातही चालणारे आयएसओ १४१२२-३ हे आंतरराष्ट्रीय मानक कठडा किमान ११०० मिमी आणि तळपट्टी १०० मिमी मागते. मी सगळ्यांना ११०० आणि १०० हेच आकडे सांगतो, म्हणजे दोन्हीकडचे भागते.

ओशाच्या नियमात माल चढवण्याच्या तोंडासाठी वेगळी कलमे आहेत. एक: माल चढत नसेल तेव्हा तोंडावर वरची आणि मधली पट्टी असलेला कठडा आडवा हवाच. त्याऐवजी साखळी किंवा फाटक चालेल, पण ते कठड्याइतकेच सुरक्षित आहे हे मालकाने दाखवून द्यायचे. दोन: कठडा, फाटक किंवा साखळी काढलेली असताना माणूस कडेवरून वाकत असेल, तर त्याच्या अंगावर पडणे अडवणारा पट्टा पाहिजे. आमचे मामा नेमके दुसऱ्या कलमात बसत होते. त्यांच्या अंगावर बनियन आणि डोक्याला गमछा, एवढेच होते.

साखळी

स्वस्त, जागा लागत नाही, अर्ध्या तासात बसते. हिच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच. साखळी सैल असते आणि माणूस रेलला की झोळीसारखी पोटाखाली जाते. ९९ सेंटिमीटरच्या अटीत ती तिथेच नापास होते. एकच साखळी असेल तर खालून माणूस सरळ घसरतो. टो-बोर्ड तर नाहीच. आणि ती लावणे सर्वस्वी माणसाच्या आठवणीवर सोडलेले. मामांनाच एकदा मी म्हणालो होतो, "मामा, साखळी लावत जा." ते म्हणाले, "भाऊ, दिसभरात पन्नास खेपा हाईत. दर खेपेला काढ-घाल कोण करत बसंल?" त्यांचे म्हणणे खरे होते. जी सोय वापरायला दर खेपेला जास्तीचे काम पडते, ती चौथ्या दिवशी बंद पडते. हमालाला दोष देण्याआधी मालकाने हे लक्षात घ्यावे.

साखळीला माझा सरळ नकार आहे. पिवळ्या प्लास्टिकच्या साखळीबद्दल तर बोलायलाच नको.

सुटा कठडा

खांबांच्या खोबणीत बसणारा, उचलून बाजूला ठेवायचा पाइपांचा तुकडा. बंद असताना हा साखळीपेक्षा खूप चांगला, कारण वरची पट्टी, मधली पट्टी, टो-बोर्ड सगळे त्यात येते. पण तो काढायला माणसाला कडेपाशीच उभे राहावे लागते आणि परत बसवायलाही तिथेच. दोन्ही वेळा हातात पंधरा-वीस किलोचे लोखंड आणि समोर उघडी पोकळी. महिन्यातून एखाद्या वेळी मशीन वर चढवायचे असेल तर ठीक, तेही आखूड दोरीचा पट्टा बांधून. रोजच्या मालाला नाही. माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये असा कठडा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा आहे आणि त्यावर मुले ओले टॉवेल वाळत घालतात.

एकेरी झडपेचे फाटक

आपल्या वाड्याच्या फाटकासारखे, बिजागरीवर फिरणारे. यात एक गोष्ट कधीही सोडू नका: ते आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे. बाहेर उघडणारे फाटक धरून ढकलणारा माणूस फाटकाबरोबर बाहेर जातो. मी अशी दोन पाहिली आहेत, दोन्ही ठिकाणी कारण एकच: आतली जागा वाया जाऊ नये. आत उघडणाऱ्या फाटकाला स्प्रिंगची बिजागरी लावली तर ते आपोआप मिटते, पण पॅलेट तोंडात असेपर्यंत मिटू शकत नाही. मग कुणीतरी सुतळीने ते खांबाला बांधून टाकते. सुतळी बारदान्याच्या गोदामात पावलोपावली मिळते. शिडी-जिन्याच्या तोंडाला हे स्प्रिंगचे फाटक उत्तम, तिथे तेच लावा. मालाच्या तोंडाला ते अपुरे पडते.

सरकते फाटक

जागा वाचते, झडप फिरायला मोकळी जागा लागत नाही, रुंद तोंडाला बरे. कसोटी लावली तर मात्र उत्तर तेच: उघडे म्हणजे उघडे. शिवाय आपल्या भागात याची एक खास अडचण आहे. खालच्या चॅनलमध्ये धान्य शिरते. फाटक्या कट्ट्यातून सांडलेले सोयाबीनचे दाणे चाकाखाली सापडून पीठ होतात, पावसाळ्यात त्याचा घट्ट लगदा बसतो आणि फाटक अर्ध्यावर अडते. जिनिंगवाल्यांकडे कापसाची रुई बेअरिंगला गुंडाळते. अडलेले फाटक पुन्हा कुणी ओढत नाही, ते तसेच अर्धे उघडे राहते. सरकतेच घ्यायचे असेल तर वरून टांगलेले घ्या, खाली फक्त दिशा धरणारी एक पिन ठेवा, आणि दर शनिवारी चॅनल ब्रशने साफ करायचे काम एका माणसाच्या नावावर लिहा.

दुहेरी फाटक

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण निवड शेवटी इथेच येते.

दुहेरी फाटकात दोन झडपा असतात. एक कडेवर, दुसरी तिच्या मागे, पॅलेट मावेल एवढे अंतर सोडून. दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मोंढ्यातल्या माणसाला एका वाक्यात समजेल: तराजूची दोन पारडी. एक वर गेले की दुसरे खाली. कडेची झडप वर उचलली की मागची आपोआप खाली येऊन हमालाच्या पुढ्यात उभी राहते. खालून फोर्कलिफ्ट मधल्या चौकात पॅलेट ठेवते. मग मागची झडप वर, कडेची खाली, आणि हमाल हँड पॅलेट ट्रक आत घालून माल ओढून नेतो. काहीही झाले तरी माणूस आणि कडा यांच्यामध्ये एक झडप असतेच. ती लावायची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही, कारण ती न लावता माल आतच येत नाही. साखळीपेक्षा याचे वेगळेपण नेमके एवढेच आहे.

आता यातल्या खाचखळग्यांकडे या. पहिली गोष्ट मापे. १२०० × १००० मिमीच्या पॅलेटला चौकाची खोली किमान १५०० मिमी ठेवा. ड्रायव्हर दर वेळी मिलिमीटरवर माल ठेवत नाही, आणि पॅलेट दोन बोटे बाहेर राहिले तर कडेची झडप त्यावर अडते. रुंदीला दोन्ही बाजूंना १५० मिमी मोकळे सोडा. ५० किलोचे २० कट्टे रचले की एक टन होतो, आणि कट्टे पॅलेटच्या बाहेर फुगतात. रिकामे पॅलेट मोजून काढलेले माप इथेच चुकते. भरलेले मोजा.

दुसरी गोष्ट उंची, आणि बहुतेक जण फसतात ते इथे. तराजूसारखी फिरणारी झडप वर जाताना कमानीसारखा घेर घेते. तुमचा सर्वात उंच माल त्या घेराखालून गेला पाहिजे आणि झडप वर गेल्यावर छताच्या ट्रसला (पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला), पंख्याला, वायरच्या ट्रेला लागता कामा नये. बारदान्याच्या गठ्ठ्यांची थप्पी कट्ट्यांपेक्षा उंच जाते, हे लक्षात ठेवा. जुन्या शेडमध्ये उंची कमी असेल तर कमानीचे मॉडेल विसरा. मग सरळ वर-खाली जाणाऱ्या, पुलीवरच्या वायर-रोपने जोडलेल्या दोन झडपा घ्या. त्यांना घेर लागत नाही, मात्र वायर-रोपचे तुटलेले धागे दर महिन्याला बघावे लागतात.

तिसरी गोष्ट: चौकाच्या दोन्ही कुशी. पुढे-मागे झडपा असल्या आणि बाजूला नुसता मोकळा पाइप असला, तर माणूस बाजूने वाकून चौकात शिरतो. कुशींना पूर्ण उंचीची जाळी मारा. आणि मूठ मागच्या झडपेच्याही अलीकडे असली पाहिजे, म्हणजे फाटक चालवणाऱ्याला चौकात पाऊल टाकावे लागणार नाही. खालून ड्रायव्हरला ओढता येईल अशी दोरीसुद्धा काही जण देतात. ती सोय चांगली आहे, फक्त वरचा माणूस चौकात नाही हे ड्रायव्हरला दिसले पाहिजे. तोंडासमोर एक गोल आरसा लावला की वाकून खुणा करण्याची गरजच पडत नाही. मामांच्या वेळी तो आरसा असायला हवा होता.

चौथी गोष्ट लोखंडाची. आपल्याकडे फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतो. दीड मीटर रुंद एकेरी फाटकाला साधारण २५ किलो पाइप लागतो. दुहेरीला सांगाडा आणि समतोलाचे वजन धरून त्याच्या तीन-चार पट. खर्चातला फरक एवढाच आहे. पण हे सगळे वजन माळ्याच्या कडेच्या बीमवर येते, तेव्हा माळा ज्याने डिझाइन केला त्याला आधी विचारा.

विजेवर चालणारे फाटक

सेन्सर, मोटर, इंटरलॉक (एक झडप मिटल्याशिवाय दुसरी उघडू न देणारी सोय). खेपा शेकड्यांत असतील, कन्व्हेअर असेल, तर विचार करा. एरवी वीज गेली की हे फाटक ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत थांबते, आणि मग कुणीतरी लिमिट स्विचला (झडप पूर्ण मिटली का ते ओळखणाऱ्या बटणाला) चिकटपट्टी लावून ते फसवते. घेतलेच तर वीज गेल्यावर हाताने चालणारे आणि कडेची झडप मिटलेल्याच स्थितीत थांबणारे घ्या. आमच्याकडच्या बहुतेक डाळमिलांना आणि बियाण्याच्या गोदामांना हाताने चालणारे दुहेरीच पुरते.

"फाटक नको, पट्टा देतो"

हे वाक्य मी खूप ऐकले. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि १.८ मीटरची दोरी. हिशेब करा. दोरी पायाशी, माळ्याच्या पातळीला अडकवली असेल, तर ती ताणेपर्यंत पाठीची कडी माळ्याच्या १.८ मीटर खाली गेलेली असते. झटका सोसणारा भाग उलगडायला आणखी एक मीटरपर्यंत जाते. त्याखाली माणसाचे पाय असतात, पाठीच्या कडीपासून दीड मीटर खाली. बेरीज चार मीटरच्या वर गेली. तीन मीटरच्या माळ्यावर दोरी ताणायच्या आधी माणूस जमिनीला लागतो. म्हणून अशा माळ्यावर लांब दोरी नको. दोरी एवढी आखूड हवी की माणूस कडेच्या बाहेर जाऊच नये. दुरुस्तीसाठी कठडा काढावाच लागला, तर एवढ्यापुरता पट्टा. रोजच्या हमालीला पन्नास खेपा दोरी अडकवून करणे शक्य नाही, आणि मेच्या उन्हात पत्र्याखाली हार्नेस घालून काम करणाऱ्याचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

कुणी काय घ्यावे

महिन्यातून एक-दोनदाच माल वर जात असेल, वर कुणी कायम काम करत नसेल, तर पक्का सुटा कठडा, कुलूप लावून, किल्ली एकाच माणसाकडे, आणि काढताना आखूड दोरी. तोंड फार रुंद असून जुन्या माळ्यावर मागे चौकाला जागाच नसेल, तर वरून टांगलेले सरकते फाटक तात्पुरते चालवून घ्या, पण वरच्या माणसाची उभे राहायची जागा दीड मीटर मागे पिवळ्या पट्ट्याने आखा आणि माळा वाढवायची तयारी सुरू करा. रोज माल चढत-उतरत असेल, मग दिवसाला दहा खेपा असोत की शंभर, तर दुहेरी. इथे मी घासाघीस करत नाही. माथाडी मंडळाच्या टोळ्या बदलत राहतात, आज आलेल्या टोळीला कालची सूचना माहीत नसते. फाटक असे हवे की नव्या माणसालाही ते चुकीचे वापरता येऊ नये.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. फाटक माळ्यावर चढवण्याअगोदर फॅब्रिकेटरच्या अंगणातच खांबांसकट पक्के उभे करायला लावा. वरच्या पाइपाच्या मध्यावर ५० किलोचे दोन कट्टे दोरीने टांगा. ते १०० किलो झाले, म्हणजे नियमातल्या ९० पेक्षा थोडे जास्तच. जमिनीपासून पाइपाची उंची टेपने मोजा, कट्टे टांगण्याआधी आणि नंतर. मग दोर बांधून, मध्ये क्रेनकाटा (ओढ किलोत दाखवणारा टांगता काटा) लावून, बाहेरच्या दिशेने तेवढाच जोर लावा. कट्टे उतरवल्यावर पाइप जर वाकलेलाच राहिला, तर फाटक परत करा. हे सगळे करायला अर्धा तास लागतो, चहा घेऊन पाऊण.

आणि माप द्यायला जाताना बांबू घेऊन जा. सर्वात उंच माल पॅलेटवर रचा, त्याच्या शेजारी बांबू उभा करा, खडूने खूण करा. तोच बांबू माळ्यावर नेऊन तोंडाजवळ धरा आणि वर ट्रसपर्यंत किती जागा उरते ते बघा. बियाण्याच्या एका गोदामात आम्ही असे केले तेव्हा मालकांना कागदावर आवडलेले कमानीचे मॉडेल ट्रसला चार इंच लागत होते. त्यांनी तिथल्या तिथे पुलीवरच्या झडपांची ऑर्डर दिली. ती बसून आता सात महिने झाले. परवा गेलो तेव्हा मी सवयीने मूठ बघितली. रंग पूर्ण उडालेला, लोखंड हाताने घासून चकचकीत.